सतरावा शेक

पहिला शेक घेऊन आक्का कोल्हापूरहून परत आल्या, तेव्हा त्या एकदम घरात शिरल्या नाहीत. पायरीवर चपला काढून तिथेच उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "वैजू, तू आत सैपाकघरात जा. मी हितं भाईरच्या खोलीत बसतो. आजपास्नं तुझं तिकडं, माझं हिकडं."

मी पदराला हात पुसत उभी होते. मला पाचवा महिना होता. तशीच आत गेले. त्यांनी ते आपणहून म्हटलं, माझ्यावर बोलायची वेळ आली नाही, म्हणून मला सुटल्यासारखं झालं होतं.

आक्का म्हणजे माझ्या यजमानांची थोरली बहीण, हौसाबाई. यजमान पाच वर्षांचे असताना आईबाप वर्षभराच्या अंतरानं गेले. आक्का तेव्हा विसाव्या वर्षी विधवा होऊन माहेरी आलेल्या. त्यांनी भावाला, प्रल्हादला, वाढवलं, शाळेत घातलं आणि पुढं इचलकरंजीला यंत्रमागावर कामाला लावून दिलं. स्वतः गावातच राहिल्या. गावच्या शाळेत पोषण आहार शिजवायला होत्या, एकशे चाळीस पोरांची खिचडी रोज. तरुणपणापासून मिश्रीची सवय. उजव्या गालात आतून फोड आला, तो सहा महिने बरा झाला नाही, तेव्हा कुठं त्यांनी भावाला कळवलं. ऑपरेशन झालं. गालाचा आतला भाग आणि मानेतल्या गाठी काढल्या. मग डॉक्टरांनी तीस शेक सांगितले. आठवड्यातले पाच दिवस, सहा आठवडे. गावाहून रोजचं जाणं जमण्यासारखं नव्हतं, म्हणून त्या आमच्या दोन खोल्यांच्या घरी राहायला आल्या.

शेक म्हणजे रेडिएशन. आमच्याकडे कुणी शेक म्हणतं, कुणी लाईट म्हणतं. त्याच्याबद्दल आम्हाला ठाऊक होतं ते एवढंच: निपाणीहून माझ्या आईचा फोन आला होता, "शेक घेतलेल्या माणसाच्या अंगात ते किरण राहतात बाई. पोटुशी बाईनं सावलीलासुद्धा उभं राहू नये." आणि मशीनच्या खोलीच्या दारावर 'गरोदर स्त्रियांनी आत प्रवेश करू नये' असा बोर्ड यजमानांनी स्वतः वाचला होता. माझं त्याआधी दोनदा पोट पडलं होतं. दुसऱ्या वेळी साडेचार महिने झाले होते, मुलगा होता. एवढं झाल्यावर आम्हा दोघांना आणखी कुणाला काही विचारावंसं वाटलं नाही.

मधल्या दाराला पडदा होता. त्याच्या अलीकडून आणि पलीकडून आमचं बोलणं चालायचं. पहिले पंधरा दिवस आक्कांना काहीच त्रास नव्हता, आणि त्या सांगायच्याही रंगवून.

मुखवट्याची गोष्ट त्यांनी मला दोनदा सांगितली. शेक सुरू व्हायच्या आधी एक दिवस माप घ्यायला बोलावलं होतं. प्लास्टिकची जाळी गरम पाण्यातून काढून त्यांच्या तोंडावर घातली. ओल्या पापडासारखी मऊ होती म्हणे. ती बोटांनी नाकावर, हनुवटीवर, मानेवर दाबून बसवली, आणि गार झाल्यावर ती त्यांच्या चेहऱ्याच्या आकारात कडक झाली. रोज शेकाच्या वेळी तोच मुखवटा चढवायचा आणि खाली टेबलाला खटक्यांनी अडकवायचा, म्हणजे मान तसूभर हलत नाही. मग सगळे बाहेर जातात. हातभर जाडीचं दार बंद होतं. आत आपण एकटंच. माइकवरून आवाज येतो, "आजी, हलू नका हं." मशीन डोक्याभोवती गुणगुणत फिरतं.

"दुखतंय काय हो?" मी पडद्याआडून विचारलं.

"काय कळतच न्हाई. उन्हाचं सुदीक कळतंय अंगाला, ह्याचं न्हाई. पन जीव घाबरा हुतोय. डोळं मिटून घेतो आणि मनात खिचडी घालतो. त्याल तापंस्तवर मशीन सुरू हुतंय. फोडणी घातली की ह्या अंगाला येतंय. तांदूळ वैरला की संपलं. दार उघडतंय."

मी हसले. त्याही हसल्या असाव्यात. ऑपरेशनमुळे त्यांचं तोंड एका बाजूला ओढलं गेलं होतं, हसताना कशा दिसतात हे मला नीटसं माहीत नव्हतं. मी बघितलंच नव्हतं.

तिसऱ्या आठवड्यात एक दिवस त्यांनी विचारलं, "वैजू, आमटीत मीठ इसरलीस?" मी चाखून बघितली. मीठ बरोबर होतं. मी तसं म्हणाले. पलीकडं त्यांनी आणखी एक घोट घेऊन बघितला असावा. मग त्या म्हणाल्या, "असूं दे." त्या दिवसापासून त्यांना चव राहिली नाही. गोड, तिखट, सगळं मातीसारखं. एकशे चाळीस पोरांच्या खिचडीचं मीठ नुसत्या वासावरून सांगणारी बाई.

त्यानंतर सगळं भराभर आलं. तोंड आतून सोलून निघालं. लाळ आटली आणि जी होती ती गोंदासारखी झाली. ती बोटानं ओढून काढावी लागायची. मानेची कातडी आधी तांबडी, मग काळी पडली, आणि पुढं तिचे पापुद्रे सुटायला लागले. मानेवर शाईच्या खुणा केल्या होत्या, त्या पुसायच्या नाहीत, साबण लावायचा नाही, तेल लावायचं नाही, म्हणून त्या तिथं नुसतं पाणी शिंपडायच्या. दर दोन तासांनी मीठसोड्याच्या पाण्याच्या गुळण्या. ते ओकारीसारखे आवाज मला आत ऐकू यायचे. आणि थकवा असा, की एसटीतून उतरून घरापर्यंतच्या चार मिनिटांत त्या दोनदा कट्ट्यावर टेकायच्या. डॉक्टरांनी हे सगळं आधी सांगितलं होतं, शेक संपल्यावर महिन्या-दीड महिन्यात बरंचसं भरून येईल असंही सांगितलं होतं. पण सांगितलेलं ऐकणं वेगळं आणि ते रोज अंगावर येणं वेगळं.

मी स्वयंपाक करायची, पातळ करून गाळायची, भांडं उंबऱ्यावर ठेवायची आणि मागं सरायची. मग आक्का येऊन ते उचलायच्या. वापरलेलं भांडं धुऊन परत उंबऱ्यावर ठेवायच्या. त्यांची पथारी, त्यांची थुंकी टाकायचा डबा, सगळं त्याच बघायच्या. यजमानांची पाळी बारा तासांची. घरी असले की ते बहिणीचं करायचे, नसले की आक्कांचं आक्का.

सतराव्या शेकाच्या आदल्या दिवशी डॉक्टरांनी सांगितलं की वजन सात किलोंनी उतरलंय, उद्या नाकातून नळी घालायची, आणि घरच्या माणसाला बरोबर आणा, नळीतून भरवायचं शिकवतो. यजमानांना सुट्टी मिळाली नाही. मी गेले. एसटीत आक्का पुढच्या बाकावर बसल्या, मी दोन बाकं सोडून मागं.

हॉस्पिटलात मशीनच्या खोलीबाहेर बाकावर वीसएक माणसं बसली होती. कुणाच्या मानेवर खुणा, कुणाच्या छातीवर, कुणी पोटाशी फाईल धरून. मी त्या सगळ्यांपासून लांब, जिन्याजवळ उभी राहिले. तो बोर्ड मला तिथूनही वाचता येत होता.

आक्कांचं नाव पुकारलं. आत गेल्या. दहा मिनिटांनी ते जाड दार उघडलं आणि त्यांना काखेत धरून एक मुलगी बाहेर आली. पांढरा कोट, खिशाला बिल्ला, नाव रेश्मा नदाफ. तिनं हातातल्या कापसानं आक्कांच्या ओठाच्या कडेची लाळ पुसली, त्यांना बाकावर बसवलं, पाठीवरून हात फिरवला. मी तिच्याकडे बघतच राहिले. कोटाची बटणं पोटावर लागत नव्हती. तिला आठवा तरी असेल.

आक्कांना नर्स नळीसाठी घेऊन गेली. मी रेश्मामॅडमला गाठलं.

"मॅडम, तुम्हाला चालतंय हे? असं पेशंटला हात लावणं?"

तिनं आधी माझ्या चेहऱ्याकडे, मग पोटाकडे बघितलं, आणि तिला कळलं.

"तुम्ही हौसाबाईंच्या घरच्या का?" ती म्हणाली. "अहो, मशीन चालू असतं तेवढा वेळच ते किरण. तेव्हा आम्हीसुद्धा कुणी आत नसतो. बोर्ड त्याच्यासाठी आहे. मशीन बंद झालं की संपलं. दिव्याचं बटण बंद केल्यावर खोलीत उजेड साठून राहतो का?"

"अंगात राहत नाही?"

"काही नाही राहत. पोटात औषध देऊन करतात तो प्रकार वेगळा, त्यात लांब राहायला सांगतात. ह्यांचं तसलं नाही. बिनधास्त जवळ बसा, भरवा, शेजारी झोपा. बाळाला काही होत नाही. मी तीन वर्षं हेच काम करते, आता बघा की."

ती हसून आत गेली. पुढचं नाव पुकारलं.

नळी घालून झाल्यावर नर्सनं मला बोलावलं. नाकातून आलेल्या नळीला मोठी सिरिंज जोडायची, दट्ट्या काढून टाकायचा, ती डोक्याच्या वर धरायची आणि वरून पातळ अन्न हळूहळू ओतायचं. ते आपोआप पोटात उतरतं. "ह्यांच्या मानेचं ऑपरेशन झालंय, उजवा हात खांद्याच्या वर जात नाही," नर्स म्हणाली, "तेव्हा धरायला माणूस लागणार. तुम्ही धरणार ना?" मी चार हात लांब उभी होते. मान हलवली. आक्का माझ्याकडे बघत नव्हत्या. नळीमुळे त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं.

परतताना एसटीत आक्कांच्या शेजारची जागा रिकामी होती. मी मागच्या बाकावर बसले.

संध्याकाळी यजमान आले. मी त्यांना भरवायची रीत समजावून सांगितली. त्यांनी ऐकून घेतलं आणि विचारलं, "दुपारचं कोण करणार? तुला जवळ गेलेलं चालतंय का, कुणाला विचारलंस?"

मी म्हणाले, "कुणी भेटलंच नाही विचारायला."

एवढंच. पुढं पुष्कळदा मी स्वतःला सांगितलं की दोन पोरं गमावलेल्या बाईचं भय एका मुलीनं सांगून जात नसतं. ते खोटं नाही. पण त्या संध्याकाळी माझ्या मनात भय नव्हतं. मनात होता तो डबा, ती गोंदासारखी लाळ, मानेचे सुटणारे पापुद्रे, आणि त्या खोलीतला वास. मला वाटलं, आणखी तेराच शेक राहिलेत.

सकाळ-संध्याकाळ यजमान सिरिंज धरायचे. दुपारी आक्का एकट्या. दुसऱ्या दिवशी दुपारी मी गाळलेली पेज उंबऱ्यावर ठेवली आणि पडद्याच्या फटीतून बघितलं. त्यांनी डाव्या हातानं सिरिंज वर धरली, पण मग ओतायला हात उरला नाही. उजवा हात खांद्यापर्यंत उचलला, तो थरथरला आणि खाली आला. पेज साडीवर सांडली. त्यांनी ती पुसली. थोडा वेळ नुसत्या बसून राहिल्या, पडद्याकडे तोंड करून. तिसऱ्या दुपारीही तसंच. चौथ्या दिवशी बघितलं तर त्यांनी यजमानांच्या मागावरचं सूत पिळून दोरी केली होती आणि तिनं सिरिंज भिंतीवरच्या कॅलेंडरच्या खिळ्याला टांगली होती. खिळ्याखाली स्टुलावर बसून त्या डाव्या हातानं वाटीतली पेज वरून ओतत होत्या. एक थेंब सांडत नव्हता.

मी आत जाऊन तांदूळ निवडत बसले.

तीस शेक झाले. शेवटच्या दिवशी आक्कांनी रेश्मामॅडमला पेढे दिले, असं यजमान म्हणाले. पंधरा दिवसांनी नळी काढली. मी बाळंतपणाला निपाणीला गेले, आक्का गावी गेल्या. निघताना त्या पायरीवर उभ्या राहून म्हणाल्या, "नीट जपून ऱ्हा. जड काय उचलू नको." मी आतून बरं म्हणाले.

मुलगी झाली. पूर्ण दिवसांची, ठणठणीत. तिच्या बाराव्या दिवशी गावाहून फोन आला की आक्कांच्या मानेत परत गाठ आलीय. डॉक्टर म्हणाले, आता काही करण्यासारखं नाही, दुखणं कमी होईल एवढं बघू. मुलगी दोन महिन्यांची झाल्यावर आम्ही तिला घेऊन गावी गेलो.

आक्का परसदारी खाटेवर उन्हात पडल्या होत्या. पुन्हा नळी होती. मी त्यांना तोवर इतक्या जवळून बघितलं नव्हतं. यजमान औषध आणायला गेले. मी मुलीला त्यांच्या कुशीशी ठेवलं. त्यांनी डाव्या हाताचं एक बोट तिच्या मुठीत दिलं आणि बराच वेळ तिच्याकडे बघत राहिल्या. मग तुटक तुटक, एकेक शब्द जुळवत बोलायला लागल्या. मला खाली वाकून ऐकावं लागत होतं.

"पैल्याच दिशी इचारलं हुतं मी मशीनवरच्या त्या पोरीला. घरात भावजय पोटुशी हाय म्हटलं. ती म्हनाली, अंगात काय ऱ्हात न्हाई."

मला वाटलं, मी चुकीचं ऐकलं. मी म्हणाले, "मग बोलला का नाही, आक्का? पायरीवर उभ्या राहून मलाच आत जा म्हणालात."

"तू भ्यालीवतीस. बोललो असतो तर तुला यायला लागलं असतं."

मला रडू आलं. मी त्यांच्या पायांना हात लावला. मला वाटलं, एवढंच आहे. त्यांनी मला सांभाळलं, आणि त्या मला ते सांगतायत. पण त्यांचं बोलणं संपलं नव्हतं.

"त्या सांजचं, कुनी भेटलं न्हाई म्हनालीस प्रल्हादला, ते मला खरं वाटलं. दुसऱ्या दिशी ती पोरगी म्हनाली, तुमची भावजय काल इचारून गेली, मी सगळं सांगितलंय तिला." त्या थांबल्या. घोट गिळायचा प्रयत्न केला, तो उतरला नाही. "मग मी वाट बघितली तुझी. दोन दुपारी."

परसात कोंबड्या फिरत होत्या. शेजारच्या घरी कुणीतरी भाकरी थापत होतं. मी काही तरी बोलायला हवं होतं. मुलगी रडायला लागली.

"घे तिला," आक्का म्हणाल्या. "भुकेली असंल."

मी निपाणीला परत गेले नाही. तिथंच राहिले. नळीतून भरवणं, अंग पुसणं, कापसानं तोंड साफ करणं, डबा धुणं, अंथरूण बदलणं, सगळं मी केलं. सिरिंज वर धरून माझा हात भरून यायचा, तरी मी तो बदलायची नाही. सतरा दिवस, त्यांच्या शेवटपर्यंत. आक्कांनी मला कधी नको म्हटलं नाही. मी भरवत असताना त्या डोळे मिटून घ्यायच्या.

गावातल्या बाया समाचाराला यायच्या. खाटेभोवती बसून म्हणायच्या, "हौसा, नशीब काढलंस बाई. भावजय लेकीगत करती."

आक्का डोळे उघडायच्या, त्यांच्याकडे बघायच्या आणि म्हणायच्या, "करती की."